नभोवाणीचा दिवस आणि मांद्र्याचा श्रोता

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कादंबरीस दालन आहे, नाटकास आहे, निबंधास व लघुनिबंधासही आहे. नभोवाणीवरून बोलल्या गेलेल्या गद्यास मात्र तेथे साधी ओसरीदेखील लाभलेली नाही. एखाद्या नामवंत लेखकाची भाषणे पुस्तकरूपाने निघाली, तर त्यांचा उल्लेख 'संकीर्ण लेखन' या सदराखाली होतो, आणि बाकीचे सारे बोलणे, म्हणजे बातम्या, वार्तापत्रे, परिसंवाद, शेतकऱ्यांसाठी व गृहिणींसाठी झालेल्या गोष्टी, हवेत उठून हवेतच विरते. जो मजकूर लाखो माणसांच्या कानी रोज पडत आला, तो टीकेच्या कक्षेत यावयास नको काय, असा प्रश्न आम्हांस या लेखात विचारावयाचा आहे. त्यासाठी एकेक भाषण सुटे न घेता नभोवाणीचा एक संपूर्ण दिवस ही एकच रचना मानून तिची परीक्षा करण्याचे आम्ही योजिले आहे. कारण श्रोता ऐकतो तो दिवस ऐकतो, भाषणांचा संग्रह ऐकत नाही.

ही परीक्षा कोणाच्या कानाने करावयाची, हेही आरंभीच ठरविणे इष्ट. आम्ही मांद्र्याचा श्रोता निवडतो. पेडणे महालातील हे गाव उत्तरेची तेरेखोल आणि दक्षिणेची शापोरा या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत, समुद्राच्या काठी वसले आहे. पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात आले ते १७८८ मध्ये, म्हणजे साष्टी-बारदेशानंतर सुमारे अडीच शतकांनी. त्यामुळे येथील देवळे, गावऱ्हाटी, कीर्तन आणि दशावतार यांची परंपरा अखंड राहिली. येथे घरात बोलली जाते ती मालवणीशी सख्ख्या बहिणीचे नाते सांगणारी पेडण्याची कोंकणी, आणि पोथी, आरती, शाळा व वर्तमानपत्र यांची भाषा मराठी. असा दुहेरी कान असलेल्या श्रोत्यापुढे सार्वजनिक वाणीचा कस जितका लागतो, तितका तो पुण्यामुंबईच्या श्रोत्यापुढे लागत नाही.

या श्रोत्याच्या कानावर आलेल्या आवाजांचा इतिहास थोडक्यात ध्यानी घ्यावा. मुंबईचे नभोवाणी केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झाले. १९३६ मध्ये या संस्थेस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले आणि १९५७ पासून 'आकाशवाणी' हे नाव रूढ झाले. पोर्तुगीज राजवटीने गोव्यात आपले 'एमिसोरा द गोवा' हे केंद्र १९४६ साली काढले. छापील शब्दावर तेव्हा पूर्वतपासणीचा पहारा होता, आणि नभोवाणी तर सरकारच्याच हाती होती. या एकाच आवाजाला २५ नोव्हेंबर १९५५ रोजी दुसऱ्या आवाजाने उत्तर दिले. सावंतवाडीपलीकडच्या आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त केंद्र चालविण्यास आरंभ केला. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूस हलले. पोर्तुगीज आणि कोंकणी या भाषांतून ते डिसेंबर १९६१ पर्यंत बोलत राहिले. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानदलाने बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले, आणि दुसऱ्या दिवशी या दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावरून गोव्याच्या मुक्तीची घोषणा केली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण त्या सहा वर्षांत त्या दोघांनी जे गद्य बोलून दाखविले, त्याची वाङ्मयीन दखल अजून व्हावयाची आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, पेडण्याच्या श्रोत्याने नभोवाणीकडे करमणुकीची पेटी म्हणून कधीच पाहिले नाही. एका आवाजावर विश्वास ठेवावयाचा की दुसऱ्या, हा निर्णय त्यास करावा लागला होता. शब्दांवरून माणूस ओळखण्याची, स्वरातील खोट पकडण्याची सवय ज्या कानाला लागलेली असते, तो टीकाकाराचाच कान होय.

आता दिवस उघडू. पहिला मान बातम्यांचा. सार्वजनिक नभोवाणीने मराठी गद्यास एक मोठी देणगी दिली आहे, तिचा उल्लेख प्रथम करणे न्याय्य होईल. वर्तमानपत्रे 'केले', 'सांगितले', 'म्हटले' असे लिहीत असताना निवेदकांनी 'केलं', 'सांगितलं', 'म्हटलं' असे उच्चारले, आणि बोलण्याची मराठी ही लिहिण्याच्या मराठीहून निराळी, तरीही तितकीच प्रतिष्ठित असू शकते, हे घरोघर सिद्ध केले. पुणे केंद्रावरून सुधा नरवणे यांच्यासारख्या वृत्तनिवेदिकांनी वाचलेल्या बातम्या ज्यांनी ऐकल्या, त्यांस शुद्ध उच्चार म्हणजे ताठर उच्चार नव्हे, हे निराळे शिकवावे लागले नाही. शाळेत व्याकरण शिकविणाऱ्या शिक्षकाला एवढा मोठा साह्यकारी दुसरा मिळाला नसेल.

परंतु उच्चार मराठी झाला, तरी वाक्य मराठी राहिले काय? वृत्तपत्रिकेचा मसुदा बहुधा इंग्रजीतून, तोही घड्याळाकडे पाहत, भाषांतरित होतो. त्याच्या खुणा लपत नाहीत. नमुन्यादाखल आम्हीच एक वाक्य रचून दाखवितो: 'गेल्या काही दिवसांत झालेल्या अतिवृष्टीच्या पार्श्वभूमीवर नुकसानग्रस्त शेतकऱ्यांना मदत देण्याच्या दृष्टीनं आवश्यक ती पावलं उचलण्यात येत असल्याचं सांगण्यात आलं आहे.' या वाक्यात पाऊस आहे, शेतकरी आहे, मदत आहे. नाही तो फक्त कर्ता. कोण पावले उचलणार आणि कोणी सांगितले, हे दोन्ही प्रश्न कर्मणि प्रयोगाच्या पदराआड गेले आहेत. डोळ्याने वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. कानाने ऐकणारा क्रियापदाची वाट पाहत राहतो, आणि क्रियापद येईतो शेतकरी विसरला जातो. ज्याचे भात खरोखरच पाण्यात आहे, त्या मांद्र्याच्या कुळाला हे वाक्य ऐकून काय कळेल? मदत मिळेल असे की मिळणार नाही असे? भाषेचा दोष येथे केवळ शैलीचा उरत नाही; तो लोकव्यवहाराचा दोष होतो.

याच दिवसाच्या ओघात एक दुसरे निवेदन येते, ज्यास कोणी वाङ्मय म्हणणार नाही. ते म्हणजे मच्छीमारांना दिलेला इशारा. वारा कोणत्या दिशेचा, ताशी किती वेगाचा, समुद्र कसा राहील, आणि शेवटी, 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' आमच्या मते साऱ्या दिवसातील हे सर्वांत निर्दोष गद्य होय. येथे कर्ता आहे, क्रिया आहे, निषेध आहे आणि विशेषण एकही नाही. असे का व्हावे? कारण येथे बोलणारास ठाऊक असते की ऐकणारा आपल्या शब्दावर होडी लोटील किंवा ओढून घेईल. जेथे शब्दामागे असा जीव लागलेला असतो, तेथे वाक्य आपोआप सरळ होते. हा नियम वृत्तनिवेदनास लागू करावा, एवढेच आमचे मागणे आहे. ज्या बातमीवर कोणाचे तरी काही अवलंबून आहे, ती इशाऱ्याच्या भाषेत सांगावी. आणि जिच्यावर कोणाचेच काही अवलंबून नाही, ती सांगण्याचे कारणच काय, हेही त्यानिमित्ताने तपासले जाईल.

बातम्यांनंतर येतात ती भाषणे: आरोग्य, बालसंगोपन, शेती, कायदा, ग्रंथपरिचय, चालू घडामोडी. 'भाषण' हे नाव असले तरी त्यातील पुष्कळशी वस्तुतः वाचलेले निबंध असतात. याचे एक कारण व्यवस्थेत आहे. वक्त्याने संहिता आधी लिहून द्यावी, ती तपासली जावी, आणि मग ध्वनिमुद्रण व्हावे, अशी ही रीत. संहिता हाती आली की वक्ता कागदाशी बोलतो. इंग्लंडमध्ये बी.बी.सी.च्या भाषणविभागाच्या पहिल्या संचालिका हिल्डा मॅथेसन यांना १९२७ च्या सुमारासच उमगले होते की, ध्वनिक्षेपकापुढे सभेत बोलल्याप्रमाणे बोलणे व्यर्थ, आणि निबंध वाचणेही व्यर्थ. समोर एकच माणूस बसला आहे असे समजून बोलावे. आपल्याकडे ही जाण परकी असण्याचे कारण नव्हते. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगात तोच आख्यानातून सिद्ध करतो. मध्येच श्रोत्याला प्रश्न विचारतो, त्याच्या हुंकाराची वाट पाहतो. नभोवाणीच्या दहा मिनिटांच्या भाषणात बहुधा पूर्वरंगच संपत नाही, आणि हुंकार तर ऐकू येतच नाही. ज्या वक्त्यांस तो न येणारा हुंकार मनात ऐकू आला, त्यांचीच भाषणे श्रोत्यांच्या स्मरणात राहिली.

हे ज्यांस साधले त्यांची उदाहरणेही आहेत. मुंबई केंद्रावरील 'प्रपंच' या श्रुतिकामालेत पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही तीन माणसे घरच्या गोष्टी बोलत आणि त्या ओघात महागाईपासून सरकारी योजनेपर्यंत सर्व काही येऊन जाई. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी ती पात्रे महाराष्ट्राच्या घराघरांतील माणसे करून ठेवली. त्या यशाचे मर्म विनोदात जितके होते, त्याहून अधिक ते वादात होते. तिघांपैकी एकाला न पटलेले दुसऱ्याने बोलावे, आणि श्रोत्याने आपली बाजू मनात निवडावी. चालू घडामोडी आणि दैनंदिन जीवन हे दोन निराळे विषय नाहीत, तांदळाचा भाव हाच राजकारणाचा पहिला पाठ आहे, हे त्या तीन पात्रांनी जितके सहज सांगितले, तितके विद्वानांच्या परिसंवादाने क्वचितच सांगितले असेल. परिसंवादात चार विद्वान एकमेकांशी सहमत होण्यासाठी जमतात. घरात मात्र मतभेदावाचून चहादेखील होत नाही.

श्रोत्याचा हुंकार खरोखर ऐकण्याचा एक प्रयत्न मराठी मुलुखातच झाला होता, याचे स्मरण शिक्षकवर्गाने ठेवावे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच मराठी जिल्ह्यांतील १५० खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापून दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम प्रक्षेपित केले. कॅनडा देशातील शेतकरी-मंडळांचा आदर्श त्यापुढे होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, ऐकल्यावर चर्चा करावी, आणि त्यांच्या शंका केंद्राकडे जाऊन पुढील कार्यक्रमांतून त्यांस उत्तरे मिळावीत, अशी ती योजना. नभोवाणी एकतर्फी आहे हा तिचा स्वभावदोष मानला जातो. या प्रयोगाने दाखविले की तो स्वभाव नव्हे, सवय आहे. गोवा तेव्हा परकीय अमलाखाली होता. पेडण्याचा शेतकरी त्या मंडळांत बसणे शक्य नव्हते. पुढे मात्र तसे बसविण्यास कोणती अडचण होती? कोणतीही नाही. सवय तेवढी बलवत्तर ठरली.

यानंतर आम्ही आमच्या परीक्षेच्या गाभ्याकडे येतो, आणि तो म्हणजे भाषेचा प्रश्न. गोव्यात हा प्रश्न नाजूक आहे. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा कौल दिला, तरी पेडण्याचा कल विलीनीकरणाकडे होता. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद केली. या वादाच्या दोन्ही बाजूंस आमचे वाचक आहेत, आणि तो वाद येथे सोडविण्याचा आमचा विचार नाही. आम्ही एवढेच पाहतो की, ज्या व्यासपीठावर या दोन्ही भाषा एकाच दिवसात, एकाच आवाजाच्या अंतराने, शेजारी शेजारी नांदतात, ते व्यासपीठ पणजी केंद्राचे. बा. भ. बोरकर, ज्यांनी मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांत कविता लिहिली, ते पुणे आणि पणजी या दोन्ही केंद्रांवर कामास होते, ही गोष्ट आम्हांस केवळ योगायोगाची वाटत नाही.

दोन भाषा एका दिवसात कशा नांदवाव्या, याचे शास्त्र पेडण्याला नवे नाही. ते दशावताराने शतकानुशतके सांभाळले आहे. दशावतारी नाटकास लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, आणि संवाद रंगभूमीवर जागच्या जागी बोलले जातात. देव, राजे, ऋषी ग्रांथिक वळणाची मराठी बोलतात. आणि आरंभीच्या आडदशावतारात संकासुर येतो तो गावच्या बोलीत. प्रेक्षक दोन्ही समजतो. राजाची भाषा त्याला परकी वाटत नाही आणि संकासुराची भाषा त्याला हलकी वाटत नाही. संकासुर मात्र राजाच्या भाषेची नक्कल करू लागला, तर तो त्याच क्षणी मरेल. आणि राजा बोलीत बोलू लागला, तर त्याचा मुकुट उतरेल.

नभोवाणीच्या दिवसाचे मूल्यमापन या कसोटीने केले असता त्याचा मुख्य दोष स्पष्ट होतो. बातमी राजाच्या भाषेत असावी, यास आमची हरकत नाही. परंतु शेतकऱ्याशी वा मासेमाराशी होणारी गोष्ट जेव्हा सुरू होते, तेव्हा तेथेही राजाच बोलावयास येतो. तज्ज्ञ 'पर्जन्यमान', 'मृदासंधारण', 'उत्पादनक्षमता' असे शब्द उच्चारतो, आणि रापणीवर आयुष्य घालविलेला माणूस मुलाखतीस बसला की तोही, केंद्राचा मान राखावा म्हणून, आपले बोलणे बाजूस ठेवून शाळेतील मराठी आठवू लागतो. त्याच्याजवळ वाऱ्यास, पाण्याच्या ओढीस, माशाच्या हंगामास जे नेमके शब्द होते, ते त्या आदरापोटी घरीच राहतात. संकासुरास राजाचा अंगरखा चढविल्यासारखे हे होते. उलट, लोकांसाठी म्हणून जेव्हा बोलीचा वापर होतो, तेव्हा ती बहुधा केवळ हशासाठी आणली जाते. संकासुर हसवितो हे खरे. पण तो हसविता हसविता वेद चोरतो, ही कथा विसरू नये. बोलीजवळही ज्ञान आहे, आणि ते ज्ञान म्हणून ऐकले जावे, ही मागणी केवळ भाषिक न्यायाची नाही. उत्तम गद्याचीही तीच गरज आहे.

चालू घडामोडींच्या भाषणांविषयी एक गोष्ट अजून सांगावयाची राहिली. आकाशवाणीच्या आचारसंहितेत राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करण्यास आणि राज्य वा केंद्र सरकारवर वैरभावाने टीका करण्यास मज्जाव आहे. सार्वजनिक माध्यमाने संयम पाळावा, हे आम्हांस मान्य आहे. शिवीगाळीच्या आजच्या गदारोळात त्या संयमाची किंमत अधिकच जाणवते. तथापि संयम आणि संकोच यांत अंतर आहे. पेडण्यातच मोपा येथे विमानतळ झाला. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. किनारपट्टीवर पर्यटन वाढले, जमिनीचे भाव चढले, शेतीचे रूप बदलले. मांद्र्याच्या घराघरांत ज्या गोष्टी बोलल्या जातात त्या याच. त्यांवर बोलण्यासाठी कोणा पक्षाचे नाव घेण्याची गरज नाही. विहिरीचे पाणी, शेताची वाट, गावात उरलेली व न उरलेली माणसे यांची नावे घेतली तरी पुरे. वक्ता जेव्हा 'विकासाच्या संधी आणि आव्हाने' असा शब्दप्रयोग करून सुटतो, तेव्हा त्याला आचारसंहितेने अडविलेले नसते. त्याच्या भाषेनेच अडविलेले असते.

१९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या बाळकृष्ण केसकरांनी अभिरुचीच्या नावाखाली चित्रपटगीते दूर सारली, आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. अखेर १९५७ साली 'विविध भारती' काढावी लागली. त्या प्रसंगाचा बोध संगीतापुरताच घेतला गेला. बोलण्याच्या बाबतीतही तोच नियम आहे. श्रोत्याच्या जिव्हाळ्याचा विषय सार्वजनिक वाणीने टाळला, की तो दुसऱ्या आवाजाकडे वळतो, आणि तो दुसरा आवाज दर वेळी आंबोलीच्या रानातला, सत्याची चाड असलेलाच असेल, अशी हमी कोण देईल?

शेवटी, हे सारे शब्द जातात कोठे? पूर्वी ध्वनिफिती महाग होत्या, आणि एकावरचे पुसून दुसरे मुद्रित करण्याची रीत होती. थोडे जतन झाले, बहुतेक गेले. ही हानी किती मोठी आहे, हे कळण्यासाठी मराठी गद्याच्या उगमाकडे पाहावे. 'लीळाचरित्र' हा आपला आद्य गद्यग्रंथ कोणी लेखणी घेऊन रचलेला नाही. चक्रधरस्वामी जे बोलले ते म्हाइंभटांनी ज्यांच्या त्यांच्या स्मरणातून गोळा केले. कोण कोठे बसले होते, कोणत्या प्रसंगी कोणता शब्द उच्चारला गेला, हे विचारीत ते फिरले. म्हणजे मराठी गद्याचा जन्मच बोललेल्या शब्दाच्या आदरातून झाला आहे. त्या परंपरेच्या वारसांनी नभोवाणीवरील बोलणे संकीर्ण म्हणून टाकून द्यावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.

तेव्हा आमच्या वाचकांपुढे, आणि विशेषतः शिक्षकांपुढे, आम्ही तीन सूचना ठेवितो. पहिली: गद्याच्या अध्यापनात ऐकलेल्या उताऱ्यास स्थान द्यावे, एखादी वृत्तपत्रिका मुलांना ऐकवून, कोणत्या वाक्याचा कर्ता सापडत नाही, हे त्यांच्याकडूनच शोधून घ्यावे. दुसरी: ज्या वयोवृद्ध श्रोत्यांनी १९५५ ते १९६१ या काळातील दोन्ही आवाज ऐकले, त्यांच्या आठवणी पेडणे, डिचोली व सिंधुदुर्ग या भागांतून त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्याव्यात, असे कान आता थोडे उरले आहेत. तिसरी: अकादमीने आपल्या वार्षिक समालोचनात कादंबरी व कवितेच्या जोडीने नभोवाणीवरील गद्याचाही परामर्श घेण्याचा पायंडा पाडावा. टीका होते हे कळले की बोलणारा वाक्य तपासू लागतो. नाटकास असा प्रेक्षक होता म्हणून नाटक वाढले. नभोवाणीसही असा श्रोता आहे. तो मांद्र्यात आहे, पेडण्यात आहे, नदीच्या दोन्ही काठांवर आहे. त्याने काय ऐकले, हे त्याला विचारण्याचे काम मात्र आपले आहे.